नोटेशन सॉफ्टवेअर सोपं करायचंय? कोड येत नसला तरी या

ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा नोटेशन सॉफ्टवेअरच्या (संगीत लिहून छापण्याच्या सॉफ्टवेअरच्या) प्रकल्पांना प्रोग्रॅमर तर लागतातच, पण तिथे खरी वानवा असते ती वेगळ्याच माणसाची. स्टाफवरचे, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेले स्वर त्याला झरझर वाचता येतात, कंपायलर कशाशी खातात हे ठाऊक नसतं, आणि अडल्यावर नेमकं कुठे अडलं ते तो नीट सांगू शकतो. मी संगीत शिकवता शिकवता या कामात आले. आता माझा बराचसा वेळ मदतपुस्तिका लिहिण्यात, नवी माणसं सॉफ्टवेअर कसं हाताळतात ते पाहण्यात आणि त्यांच्या अडचणी डेव्हलपरांपर्यंत पोचवण्यात जातो. या वाटेने येऊ पाहणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

सुरुवातीला दोन मोठ्या प्रकल्पांचे स्वभाव समजून घ्या, कारण दोन्हीकडे अडचणींची जातकुळी वेगळी आहे. लिलीपाँड १९९६ साली हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन यांनी सुरू केला. त्यात तुम्ही साधा मजकूर टाइप करता आणि प्रोग्रॅम त्यातून छापण्याजोगं पान बनवतो. हाताने कोरलेल्या जुन्या छापील प्रतींचं सौंदर्य संगणकाच्या पानावर आणायचं, हा त्याचा ध्यास. म्युझस्कोर २००२ मध्ये वेर्नर श्वेअर यांनी म्युझ नावाच्या सीक्वेन्सरमधून (स्वर नोंदवून वाजवणाऱ्या प्रोग्रॅममधून) वेगळा काढला. तिथे स्टाफ समोर दिसतो आणि स्वर थेट त्यावर टाकता येतात. मजकुराचा प्रोग्रॅम अवघड आणि चित्राचा सोपा, असं पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटतं. प्रत्यक्षात दोन्हीकडे माणसं अडतात, फक्त अडण्याच्या जागा निराळ्या.

लिलीपाँडचंच उदाहरण घ्या. संगीत येणारा माणूस एफ शार्प लिहायला जातो तेव्हा एफ अक्षरापुढे शार्पच्या खुणेसारखं दिसणारं हॅशचं चिन्ह टाकतो. दुसरं काही त्याच्या मनात येणारच नाही. पण लिलीपाँडमध्ये हॅश म्हणजे स्कीम या प्रोग्रॅमिंग भाषेत शिरण्याचं दार. त्यामुळे बिचाऱ्याने स्वर लिहिलेला असतो आणि प्रोग्रॅम समजतो की आता स्कीमचा कोड येणार. स्वरांची मूळ नावं डच पद्धतीची असल्याने एफ शार्पसाठी एफ-आय-एस अशी तीन अक्षरं लिहावी लागतात. फाइलमध्ये एक ओळ घालून इंग्रजी नावं निवडता येतात, पण तेव्हाही हॅश चालत नाही, एफ-एस असं लिहावं लागतं. हे सगळं पुस्तिकेत आहे. पण पुस्तिका उघडायच्या आधीच माणसाने हॅश टाकलेला असतो, आणि समोर येणाऱ्या, चूक दाखवणाऱ्या संदेशात शार्पचा उल्लेखही नसतो.

संदेशांवर मी इतका जोर देते त्याला कारण आहे. एकदा मजकुरातून पान बनवणाऱ्या अशाच एका प्रोग्रॅमवर काम करणाऱ्या, गायकवृंदाला साथ करणाऱ्या एका बाईंजवळ मी बसले होते. धून त्यांनी टाइप केली, गाण्याचे शब्द टाइप केले, आणि मधला एक महिरपी कंस बंद करायचा राहिला. प्रोग्रॅम म्हणाला, चूक शेवटच्या ओळीत आहे. कंस बंद होण्याची वाट पाहत तो फाइलच्या टोकापर्यंत गेला होता, तेव्हा त्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. बाई मात्र शेवटची ओळ पुन्हा पुन्हा वाचत होत्या. त्यांनी ती पुसली, जशीच्या तशी परत लिहिली, शेवटी शेवटचा स्वरच बदलून पाहिला. ओळीत खोट नव्हतीच, मग सापडणार कुठून? तिथे बसून मला जे कळलं ते दोन वाक्यांत मावणारं होतं: चूक शेवटच्या ओळीत दाखवली जात असेल तर वरचे कंस मोजा, आणि जोडीचा कंस ठळक करून दाखवणारा एडिटर वापरा. ही दोन वाक्यं मी पुस्तिकेच्या पहिल्याच धड्यात घालून घेतली. नव्या माणसाने प्रकल्पात करण्याजोगं पहिलं काम म्हणून मी आजही हेच सुचवते.

चित्राच्या प्रोग्रॅममधली अडचण सहसा अबोल असते. म्युझस्कोरमध्ये कोरं पान उघडलं की प्रत्येक मापात (दोन उभ्या रेघांमधल्या भागात) अख्खं माप व्यापणाऱ्या विरामाचं, म्हणजे रेस्टचं चिन्ह दिसतं. कागदावर लिहायची सवय असलेल्याला वाटतं, हे आधी पुसावं आणि मग स्वर लिहावेत. तो विराम निवडतो, डिलीटचं बटण दाबतो, आणि काहीच होत नाही. कारण त्या प्रोग्रॅमच्या लेखी माप कधी रिकामं नसतं. तालचिन्हाने सांगितलेल्या मात्रा स्वरांनी किंवा विरामांनी भरलेल्याच असल्या पाहिजेत. पहिल्या व्हॉइसमधला (एकाच स्टाफवरच्या स्वतंत्र स्वरओळींपैकी पहिलीतला) विराम म्हणूनच लपवता येतो, काढून टाकता येत नाही. ही रचना चुकीची आहे असं मला मुळीच वाटत नाही. उलट तिच्यामुळे मापातल्या मात्रा कधी कमीजास्त होत नाहीत, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा मोठाच आधार आहे. प्रश्न आहे तो डिलीट दाबल्यानंतरच्या शांततेचा. रचना मोडा असं म्हणायला गेलात तर चर्चा महिनोन्‌महिने चालेल. 'विरामावर थेट स्वर लिहा' एवढं त्या क्षणी सांगता येईल का, असं विचारलंत तर ते होण्यासारखं असतं.

आता बघण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळं काम त्यावर उभं आहे.

ओळखीतला एखादा संगीतकार, शिक्षक किंवा वादक गाठा, त्याची परवानगी घ्या आणि एकच ठरीव काम द्या: आठ मापांची धून, खाली गाण्याचे शब्द, वर शीर्षक, आणि शेवटी पीडीएफ. करताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगा. मग गप्प बसा. यातलं गप्प बसणंच सगळ्यात कठीण. हात आपोआप पुढे जातो, 'अहो, तिथे नाही, वरती' असं तोंडावर येतं. ते गिळा. त्याची नजर कुठल्या मेनूत गेली, कुठली कळ आधी दाबली, कुठे हात थांबला, हे लिहून घ्या. फार माणसं लागत नाहीत. सॉफ्टवेअर वापरायला किती सोपं आहे याचा अभ्यास करणाऱ्या याकोब नीलसन यांनी पूर्वीच दाखवलंय की पाचेक जणांना बघितलं की मोठ्या अडचणी बहुतेक उघड्या पडतात, आणि नोटेशनच्या बाबतीत माझाही अनुभव तसाच आहे.

गाण्याचे शब्द या कामात मुद्दाम ठेवा. म्युझस्कोरमध्ये शब्द लिहिताना जोडरेघ दाबली की कर्सर पुढच्या स्वराखाली उडी मारतो, कारण तिथे जोडरेघ म्हणजे शब्द अजून संपलेला नाही, पुढचं अक्षर पुढच्या स्वरावर. लिलीपाँडमध्ये याच कामासाठी दोन जोडरेघा आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडावी लागते. एकच रेघ चिकटवून लिहिली तर ती शब्दाचाच भाग म्हणून छापली जाते. जो माणूस स्वर सहज लिहून जातो तो शब्दांपाशी हमखास अडतो, आणि गायकवृंद चालवणाऱ्यांना तर शब्दांशिवाय नोटेशनचा उपयोगच नाही.

बघून झालं की ते इश्यू ट्रॅकरवर, म्हणजे प्रकल्पाच्या अडचणी नोंदवायच्या सार्वजनिक यादीत मांडायचं. म्युझस्कोरचं काम गिटहबवर चालतं, लिलीपाँडचं गिटलॅबवर. खातं उघडायला दोन मिनिटं लागतात. आधी शोधा, तीच अडचण कुणी नोंदवलेली असेल तर तिथेच आपलं निरीक्षण जोडा. नवी असेल तर एका नोंदीत एकच अडचण लिहा: आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, काय केलं, काय व्हावं असं वाटलं, काय झालं. लिलीपाँडच्या मंडळींत 'छोटं उदाहरण' ही फार चांगली शिस्त आहे. अख्खी सिंफनी पाठवू नका, ज्या चार स्वरांत अडचण दिसते तेवढेच ठेवा. छाटता छाटता अनेकदा कारण आपलं आपल्यालाच सापडतं. आणि निरीक्षण व उपाय वेगवेगळे ठेवा. 'हे बटण डावीकडे हलवा' हा उपाय झाला. 'माणसाने आधी डावीकडे शोधलं, मग मेनूत, मग सोडून दिलं' हे निरीक्षण. उपायावर वाद होतो, निरीक्षणावर विचार होतो.

जुन्या वापरकर्त्यांचा विरोध होणार हे गृहीत धरा. वर्षानुवर्षं ज्यांच्या बोटांत शॉर्टकट बसलेत त्यांची रोजची कमाई त्या बोटांवर असते, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. म्हणून नव्यांसाठी काही मागताना जुन्यांची कळ हिरावून घेऊ नका. पहिल्यांदा उघडणाऱ्याला दिसेल अशी सूचना, चांगली पूर्वनियोजित मांडणी, समजेल असा संदेश, यांनी जुन्या माणसाचं काहीच बिघडत नाही. २०१८ च्या अखेरीस आलेल्या म्युझस्कोर ३ मध्ये चिन्हं एकमेकांवर चढू नयेत म्हणून आपोआप जागा ठरवण्याची सोय आली. तिने नव्यांचे आणि जुन्यांचे दोघांचेही कष्ट वाचवले. मला हीच दिशा आवडते: माणसाला सेटिंग शोधायला लावण्यापेक्षा पान मुळातच नीट यावं.

नवे लोक म्हणजे कोवळे विद्यार्थीच, असंही नाही. फिनाले हे १९८८ पासूनचं व्यावसायिक सॉफ्टवेअर. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचा विकास थांबवत असल्याचं त्याच्या कंपनीने जाहीर केलं, आणि आयुष्यभराच्या फायली घेऊन अनुभवी संगीतकारांना नवं घर शोधावं लागलं. फायली म्युझिकएक्सएमएलमध्ये (वेगवेगळ्या नोटेशन प्रोग्रॅमना वाचता येणाऱ्या फाइल-प्रकारात) काढून दुसरीकडे उघडता येतात. स्वर आणि मात्रा बहुधा शाबूत येतात, पानाची मांडणी आणि मजकुराच्या जागा मात्र हलतात. अशा माणसाला 'स्वर कसा टाकावा' हा धडा नकोच असतो. आपली सवयीची गोष्ट इथे कुठे आहे, एवढंच त्याला हवं असतं. त्याच्यासाठी वेगळं पान लिहिणं हे स्वतंत्र आणि फार उपयोगी काम आहे.

आणि दृष्टिहीन संगीतकार. त्यांच्याबरोबर बसल्यावर सोपं कशाला म्हणायचं याबद्दलच्या माझ्या कल्पना पार उलट्यापालट्या झाल्या. ज्या मजकुराला डोळस माणूस बिचकतो तोच मजकूर स्क्रीन रीडर (पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम) अक्षर न्‌ अक्षर वाचून दाखवतो. माउसने ओढून बसवायची चिन्हं मात्र त्यांच्या हाती लागत नाहीत. म्युझस्कोरने ४.१ या आवृत्तीत ब्रेल पॅनेल आणलं, म्हणजे चित्राच्या प्रोग्रॅमलाही हे जमतं. सुधारणा सुचवताना ती माउसशिवाय, फक्त कीबोर्डवर करता येईल का हे प्रत्येक वेळी तपासा. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आणि ओपन सोर्स आहे. तो लावून, डोळे मिटून एक माप लिहून बघा.

यातून पोट भरतं का, हे नवे लोक विचारतातच, आणि विचारावंच. थेट पगाराच्या जागा थोड्या आहेत. मार्टिन कीरी हे संगीतकार आणि डिझायनर. २०१९ मध्ये त्यांनी म्युझस्कोरच्या रचनेची तपशीलवार चिकित्सा करणारा व्हिडिओ केला, आणि पुढे त्याच प्रकल्पाच्या डिझाइनची धुरा त्यांच्याकडे आली. असं क्वचित घडतं, पण टीका नेमकी आणि सप्रमाण असेल तर तिचं स्वागत होतं हे त्यातून दिसतं. ओपन सोर्स प्रकल्पांत नवख्यांना मानधन देऊन काम करायला लावणारा गूगल समर ऑफ कोड हा कार्यक्रम २००५ पासून चालतो आणि २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्या नवख्यांनाही खुला आहे, पण तिथे कोड लिहावाच लागतो. आउटरीची या इंटर्नशिपच्या कार्यक्रमामध्ये दस्तऐवज आणि डिझाइनची कामंही असतात, मानधनही मिळतं. माझ्या माहितीतल्या बहुतेकांना खरा फायदा आडवाटेने झाला: सार्वजनिक ट्रॅकरवर साठलेल्या त्यांच्या नोंदी, सुधारलेली पानं आणि चर्चा त्यांनी नोकरीच्या अर्जात दाखवल्या. तांत्रिक लेखन किंवा यूएक्स (वापरणाऱ्याच्या अनुभवाच्या) संशोधनाच्या मुलाखतीत याहून भक्कम पुरावा दुसरा नाही.

गिट, म्हणजे फायलींतले बदल नोंदवून ठेवणारं साधन, शिका, पण त्यासाठी थांबू नका. पुस्तिकेतली एखादी ओळ बदलण्यापुरतं गिट ती ओळ बदलतानाच येतं, आणि पहिल्या वेळी कुणीतरी हात धरून करवून घेतं. कोड वाचायची वेळ पुढे येईल. संदेश कुठून येतो हे शोधताना तुम्ही स्वतःहूनच तिकडे जाल.

कुठून सुरुवात करायची हे ठरत नसेल तर पुढच्या आवृत्तीची चाचणी प्रत उतरवून घ्या. प्रकाशनाच्या आधीचे आठवडे सगळ्यात चांगले, कारण तेव्हा डेव्हलपर नोंदी रोज वाचत असतात आणि छोटी दुरुस्ती लगेच आत जाते. तुमच्या चालू कामाची फाइल त्यात उघडण्याआधी तिची प्रत काढून ठेवा, कारण नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुनीत उघडेलच असं नाही. मग नेहमीचंच काहीतरी लिहायला घ्या, आणि हात जिथे पहिल्यांदा थांबेल तिथली नोंद त्याच दिवशी करा. आठवड्याने तुम्हाला त्या गोष्टीची सवय झालेली असेल आणि ती दिसणार नाही.