पऱ्हाटीवर शिकलेलं प्रवाळांचं मोजमाप

मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी. प्रवाळ मोजायला मात्र त्याआधीच शिकले होते, दारव्ह्याजवळच्या आमच्या वावरात.

कपाशीचा शेवटचा वेचा झाला की पऱ्हाट्या उरतात. पांढऱ्या धोतरासमोर धरलेली वाळकी पऱ्हाटी फांद्याफांद्यांच्या अ‍ॅक्रोपोरा प्रवाळासारखीच दिसते. बाबा म्हणाले, "काहून मोजून राहिली व? चुलीतच तर जाणार हायेत."

अशा आकाराची लांबी पट्टीवर ठरते. गणितज्ञ मांडेलब्रॉ यांनी १९६७ साली ब्रिटनच्या किनाऱ्याबद्दल हेच दाखवलं: पट्टी लहान करत जा, किनारा लांबत जातो. म्हणून लांबीऐवजी ती कशी वाढते ते मोजायचं; त्या आकड्याला मिती म्हणतात. फोटोवर चौकोनांची जाळी टाका, आकृती ज्या चौकोनांना शिवते ते मोजा, मग बाजू निम्मी करून पुन्हा मोजा. साधी रेघ असेल तर संख्या दुप्पट होते, भरीव डाग असेल तर चौपट. तिप्पट झाली तर मिती लॉग ३ भागिले लॉग २, म्हणजे सुमारे १.५८. प्रत्यक्षात सात-आठ मापं घेऊन चौकोनांची संख्या आणि १ भागिले बाजू, या दोन्हींचे लॉग आलेखावर मांडतात आणि रेषेचा चढ काढतात; तो चढ म्हणजेच मिती. हे मोजणारं इमेजजे हे सॉफ्टवेअर फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. तरी एकदा आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने चौकोन मोजाच.

माझी पहिली मिती १.८ आली. मी खूश! सरांनी फोटो पाहून एवढंच विचारलं, "सावली पण मोजली का?" तिरप्या उन्हात धोतरावर पडलेली सावली काळं-पांढरं करताना फांदी होऊन बसली होती. ढगाळ दिवशी पुन्हा फोटो काढला, तर आकडा दीडच्याही खाली.

दुसरी खोच आलेखाच्या टोकांना. चौकोन फार मोठा असेल तर त्यात अख्खी पऱ्हाटी मावते. फांदीच्या जाडीहून लहान झाला की फांदीच भरीव दिसते आणि चढ दोनकडे सरकतो. मधला सरळ भाग घ्या आणि तो कुठून कुठवर घेतला ते लिहा. हे न लिहिलेल्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही.

फोटोतली मिती दोनच्या वर जात नाही. प्रवाळाच्या पृष्ठभागाची दोन ते तीनमध्ये असते. त्यासाठी सगळ्या बाजूंनी फोटो काढून त्रिमितीय मॉडेल करतात आणि चौकोनांऐवजी घन मोजतात. प्रवाळावर साखळी अंथरून तिची लांबी सरळ अंतराशी ताडायची जुनी पद्धत सोपी, पण खडबडीतपणा दोन मोठ्या कपारींचा की शेकडो बारीक फटींचा, हे ती सांगत नाही. लपायला जागा शोधणाऱ्या बोटभर माशाला तोच फरक महत्त्वाचा.

सरावासाठी प्रवाळाचा तुकडा विकत घेऊ नका; दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. पऱ्हाटीला कोणी अडवत नाही, फक्त चुलीच्या आधी गाठा.