कवळीची स्वच्छता आणि हिरड्यांची निगा

जेवणानंतर कवळी काढून धुवावी. मात्र हातातून निसटली तरी ती फुटू नये म्हणून खाली पाण्याने भरलेले घमेले ठेवावे. रोज मऊ ब्रशने व सौम्य साबणाने ती आतून-बाहेरून घासावी, कारण टूथपेस्टमधील खरखरीत कणांमुळे कवळीच्या ॲक्रिलिकवर (एक प्रकारच्या प्लास्टिकवर) बारीक ओरखडे पडतात आणि त्यांत जंतू साचतात. उकळत्या पाण्याने तिचा आकार बिघडतो. रात्री ती साध्या पाण्यात बुडवून ठेवावी. ही सवय अनेकांना जड जाते, पण हिरड्यांना विश्रांती मिळण्यासाठी आणि बुरशीचा संसर्ग टाळण्यासाठी ती फार मोलाची आहे. हिरड्या व टाळू ओल्या मऊ कापडाने हळुवार पुसावेत. मिश्री मात्र कधीही लावू नये. कवळी टोचू लागल्यास ती घरी कानशीने न घासता दंतवैद्यांना दाखवावी.