जुनी पत्रं मोठ्याने वाचा

जुनी पत्रं वाचायची आहेत, सुरुवात कुठून करू, असं विचारणाऱ्यांना मी सांगते: इतिहासकार राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड लगेच उघडू नका. १८९८ सालचा तो खंड सोनं आहे, पण पानिपतपर्यंतच्या दहा वर्षांतली माणसं ओळखीची नसतील तर नावांतच अडकायला होतं. आधी सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं घ्या.

पहिल्यांदा वाचताना तारीख आणि गाव बघा. १८६८ चं पत्र नायगावचं, म्हणजे माहेरून लिहिलेलं. गणेश नावाचा ब्राह्मण आणि शारजा ही महार मुलगी यांचं प्रेम जमलं, मुलगी सहा महिन्यांची गरोदर, लोक दोघांच्या जिवावर उठलेले. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रजी कायद्याचा धाक घातला, दोघं वाचली. आता पुन्हा वाचा, आणि काय लिहिलेलं नाही ते शोधा. दोघांना तुमच्याकडे पाठवते आहे, असं त्या कळवतात. ठेवून घ्याल ना, असं विचारत नाहीत. मी दर वेळी तिथेच थांबते.

मग पेशवाई. इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातले, म्हणजे पेशव्यांच्या कारभारातले, निवडक कागद ४५ खंडांत छापले, देवनागरीत. मूळ कागद मोडी लिपीतले; मोडीत शब्द सुटे नसतात, विरामचिन्हं नसतात, म्हणून ही वाक्यं लांबच लांब वाटतात. मोठ्याने वाचा, कुठे थांबायचं ते जिभेला कळतं. तारखेतला छ म्हणजे चंद्र, म्हणजे चांद्र तारीख, पुढे मुसलमानी महिना. सुहूर सन, म्हणजे अरबी अंकशब्दांत लिहिलेलं साल, शेवटून वाचायचा: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे हजार, शंभर, साठ, एक. ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होतं. इसवी सन काढायला डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून ६००. पानिपतचं वर्ष हेच.

आणि घरातली ट्रंक उघडाच. माझ्या आजीचं एक कार्ड आहे, पुण्याच्या नारायण पेठेतून नाशिकला भावाला, पानशेत धरण फुटल्यानंतरच्या आठवड्यातलं, जुलै १९६१. ‘आम्ही सर्व सुखरूप. शिवणाचे मशीन गाळात.’ जागा संपली म्हणून कडेला आडवं लिहिलंय: ‘येशील तर तांदूळ आण, आणि काडेपेट्या. इथली एकही पेटत नाही.’