कारमध्ये नवा स्टिरिओ बसवताना पिवळी आणि लाल वायर नीट ओळखा

स्टिरिओ स्वतः बसवायचा असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. गाडीची मूळ वायरिंग कापू नका. तुमच्या मॉडेलला बसणारा कपलर मिळतो. तो लावला की एक टोक गाडीत आणि दुसरं स्टिरिओत जातं, आणि पुढे कधी जुना सेट परत लावायचा झाला तरी अडत नाही.

खरा घोळ होतो तो पिवळ्या आणि लाल वायरचा. बहुतेक नव्या स्टिरिओंमध्ये पिवळी वायर कायम १२ व्होल्टची असते. घड्याळ आणि सेव्ह केलेली स्टेशनं तिच्यावर टिकतात. लाल वायरला किल्ली फिरवल्यावरच करंट मिळायला हवा. गाडी बंद केली की सगळी सेटिंग्ज पुसली जात असतील, तर या दोन बहुधा उलट लागल्यात. दोन्ही कायम करंटवर जोडल्या तर किल्ली काढूनही सेट चालू राहतो आणि बॅटरी उतरते. गाडीकडच्या वायरींच्या रंगावर मात्र भरवसा ठेवू नका, काही कंपन्यांचे रंग वेगळेच असतात. बॅटरी तात्पुरती जोडून, किल्ली बंद आणि चालू ठेवून मल्टिमीटरने तपासा, मग केबल पुन्हा काढा.

काळी वायर बॉडीला, रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्यावर घट्ट बसवा. स्पीकरची निगेटिव्ह वायर मात्र बॉडीला कधीच लावू नका, आतला अँप्लिफायर जळू शकतो.

डॅशबोर्डचं पॅनल लावण्याआधी चारही स्पीकर वाजवून बघा.