बाळ येशू कुठं ठेवलाय, ते आधी बघा

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या वाट बघण्याच्या आठवड्यांचा, चौथा रविवार आला की नागपुरातल्या आमच्या पॅरिशमध्ये (चर्चच्या मंडळीत) एकदम धावपळ सुरू होते. तीन आठवडे निवांत असलेली माणसं अचानक रात्री साडेदहाला फोन करून विचारतात, "ताई, लाइटच्या माळा कुठं हायेत जी?" यंदा समितीत निम्मी मंडळी नवी आहेत आणि त्यांनी यादी मागितली, म्हणून लिहायला बसले. क्रमांक घातलेले नाहीत. या आठवड्यातली कामं एकामागून एक येत नाहीत, एकमेकांत अडकून येतात.

सगळ्यात आधी, आणि हे आजच करा, बाळ येशूची मूर्ती स्वतःच्या डोळ्यांनी बघून या. "आहे ना कपाटात" असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. काही वर्षांपूर्वी जानेवारीत आवराआवर करताना मीच ती मूर्ती अल्टर बॉयच्या (वेदीपाशी मदत करणाऱ्या पोराच्या) जुन्या झग्यात गुंडाळून सॅक्रिस्टीतल्या, म्हणजे चर्चच्या सामानाच्या खोलीतल्या, वरच्या फळीवर ठेवली आणि साफ विसरले. पुढच्या २४ डिसेंबरला रात्री सव्वाअकरा वाजता मरियामाता हजर, योसेफ हजर, मेंढपाळ, मेंढ्या, गाढव सगळे हजर, आणि ज्याच्यासाठी जमले तोच नाही. धूपदाणीचा कोळसा शोधणाऱ्या एका पोराच्या हाताला तो झगा लागला म्हणून निभावलं. फादर काही बोलले नाहीत, नुसते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलेला आहे, कोणत्या फळीवर काय ते लिहून. वस्तू हलवली तर कागदही बदला.

मूर्ती सापडली, पुसली, की परत झाकून ठेवा. गव्हाणीत ठेवायची नाही. यावर दरवर्षी माझं कुणाशी तरी वाजतं. गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, रविवारपर्यंत तयार होतो, लोक फोटो काढायला येतात आणि मग "रिकामी गव्हाण बरी नाही दिसत, ठेवून टाका ना" सुरू होतं. अहो, रिकामीच दिसायला हवी. आपण अजून वाट बघतोय. २४ च्या रात्री मिस्सेच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) सुरुवातीला फादर मूर्ती हातात घेऊन येतात आणि गव्हाणीत ठेवतात. ती चार दिवस आधीच तिथं पडलेली असेल तर त्या रात्री फादरांनी काय ठेवायचं? असिसीच्या संत फ्रान्सिसनं १२२३ साली ग्रेच्चो गावात पहिल्यांदा असा देखावा केला, तेव्हा गव्हाण, चारा, एक बैल आणि एक गाढव एवढंच जमवलं होतं. आपल्याकडे मात्र कारंजं, धबधबा आणि रंग बदलणारे दिवे आल्याशिवाय गोठा पुरा होत नाही. एखादा धबधबा कमी केला तर बिघडणार नाही, हे माझं मत; पोरं ऐकत नाहीत.

गोठ्यासाठी तणस (धानाचा पेंढा) आत्ताच सांगून ठेवा. भंडाऱ्याकडचं धान निघालेलं असतं, तिकडे कुणाचं ना कुणाचं घर आहेच. येत्या-जात्या गाडीत दोन पेंढ्या सहज येतात. बाजारातलं प्लास्टिकचं गवत नको, त्यावर दिव्याची गरम वायर टेकली की वितळतं आणि वास सुटतो. तणसही पेटतंच, म्हणून वायरी मूर्तींच्या मागून भिंतीला धरून न्या, तणसाखालून नको. आणि वाळूची एक बादली गोठ्यामागे असू द्या. मूर्तींपैकी कुणाचा कान, कुणाची काठी तुटलेली असतेच. महाल भागात चितार ओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत, घेऊन जा. गणपती-दुर्गेची गर्दी सरलेली असते, कारागीर निवांत भेटतात. मागं आमचं गाढव नेलं होतं तर म्हणाले, "ठेवून जा बाई, शनवारी भेटन." शनिवारी भेटलं, कान पहिल्यापेक्षा बरा.

आता तारखांचं. आगमनकाळाचा हा शेवटचा "आठवडा" दरवर्षी सात दिवसांचा नसतो. नाताळ रविवारी आला तर पुरे सात दिवस मिळतात, सोमवारी आला तर एक दिवससुद्धा नाही. २०२३ साली हेच झालं. २४ डिसेंबरला सकाळी चौथ्या रविवारची मिस्सा, आगमनकाळाची जांभळी वस्त्रं, आगमनचक्रावर (दर रविवारी एक मेणबत्ती लावायच्या चक्रावर) चौथी मेणबत्ती; आणि त्याच संध्याकाळी सगळं नाताळचं पांढरं. मधे हातात उरले ते दुपारचे काही तास. त्या दिवशी सकाळची मिस्सा आणि रात्रीची मिस्सा या दोन वेगळ्या मिस्सा आहेत, एकीत रविवार आणि नाताळ दोन्ही भागत नाहीत, हे आदल्या रविवारीच जाहीर करावं लागतं. नाहीतर सकाळी निम्मे बाक रिकामे. म्हणून कॅलेंडर आधी बघा आणि मगच कामं वाटा.

वेदीवर फुलं बेतानंच ठेवायची, हा नियम आगमनकाळ संपेपर्यंत आहे. शेवंतीचे ढीग २४ च्या दुपारनंतर. ग्लोरिया, म्हणजे देवाच्या गौरवाचं गीत, तेसुद्धा रविवारच्या मिस्सेत नाही, कॉयरला (गाणाऱ्या मंडळींना) आठवण द्या, सवयीनं सुरू करतात. चक्रावरच्या तीन जांभळ्या आणि एक गुलाबी अशा चार मेणबत्त्यांपैकी पहिली एव्हाना बोटाएवढी उरलेली असते. तिच्यासाठी एक जास्तीची जांभळी आणून ठेवा, आणि मधली पांढरीही. ती नाताळला लागते.

१७ तारखेपासून २३ पर्यंत संध्याप्रार्थनेत मरियेच्या स्तोत्राआधी सात दिवस येशूला सात नावांनी हाका येतात: प्रज्ञा, प्रभू, इशायचा अंकुर, दावीदाची किल्ली, उगवता प्रकाश, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल. लॅटिनमधल्या या सात नावांची आद्याक्षरं शेवटापासून उलटी वाचली तर "एरो क्रास" होतं, म्हणजे "उद्या मी असेन". मी हे तरुणांच्या गटाला सांगते तेव्हा त्यांना एखादं कोडं सुटल्यासारखं वाटतं. त्यांच्याकडून सात पाट्या लिहून घ्या, रोज एक दाराशी लावायची. २१ तारखेला, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसांपैकी एका दिवशी, "उगवता प्रकाश" येतो. तो दिवस आमच्या वस्तीतल्या शाळकरी मुलींना द्या, त्या छान रंगवतात.

१७ तारखेच्या वाचनाबद्दल एक सांगून ठेवते. त्या दिवशी मत्तयच्या शुभवर्तमानातली येशूची वंशावळ असते, आणि नाताळच्या पूर्वसंध्येच्या मिस्सेतही तीच. चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट. अम्मीनादाब, यहोशाफाट, जरुब्बाबेल ही नावं ऐन वेळी कुणाच्याही जिभेवर अडखळतात, फादरांच्यासुद्धा. त्यांना मोठ्या टाइपात कागद काढून द्या, ते मनातून आभार मानतील. आणि ऐकणाऱ्यांनी त्या पुरुषांच्या रांगेतल्या पाच बायका मोजाव्यात: तामार, राहाब, रूथ, उरियाची बायको आणि मरिया. माझी आजी दरवर्षी मोजायची, बोटावर.

पापनिवेदनाची, म्हणजे फादरांना एकेकट्यानं पापं सांगायची, व्यवस्था गोठ्याच्या आधी लावा. हे मी यादीत वर लिहायला हवं होतं. बहुतेक माणसं २४ ला संध्याकाळी सात वाजता रांगेत उभी राहतात, तोवर फादर थकलेले आणि रांगेतले सगळे घड्याळ बघत. आठवड्याच्या मध्यावर दोन संध्याकाळी ठेवा आणि बाहेरचे फादर बोलवा. सेमिनरी हिल्सवर विचारलं की कुणीतरी मिळतं, टेकडीचं नावच मुळी सेमिनरीवरून, फादर घडवणाऱ्या संस्थेवरून, पडलंय. भाषा विचारून बोलवा. कामठीची छावणी मद्रासच्या पलटणींची, त्यामुळे आमच्या भागात तामिळ बोलणारी जुनी घरं अजून आहेत. त्या आजीबाई मिस्सा हिंदीत ऐकतील, मराठीत गातील, पण पापं सांगायची तर तामिळमध्येच. त्यांना तेवढं मिळायला हवं. रेल्वेच्या जुन्या अँग्लो-इंडियन घरांसाठी इंग्रजी, छत्तीसगडकडून आलेल्यांसाठी हिंदी. कोण कधी बसणार, ते एका फलकावर लिहून दाराशी लावा.

घरी अंथरुणाला खिळलेल्यांची यादी काढा. मागच्या वर्षीची नको, नवी. मागच्या यादीतले काही आता नाहीत, आणि अशा घरी जाऊन "आजोबा कुठायत?" विचारण्याएवढी लाज दुसरी नाही. फादर किंवा सिस्टर कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर) घेऊन २२-२३ पर्यंत सगळ्यांकडे जाऊन आले पाहिजेत. जाण्याआधी त्या घरी फोन करून पांढरं कापड, मेणबत्ती आणि थोडं पाणी ठेवायला सांगा. केकचा तुकडा नंतर कुणीतरी वेगळा नेऊन द्यावा, दोन्ही एका पिशवीत नको.

राशनची पाकिटं वाटताना फोटो काढू नका. बाकी त्या कामाबद्दल मला काही सांगायचं नाही, ते करणारे नीट करतात.

कॅरलच्या (घरोघरी नाताळगीतं गायच्या) फेऱ्यांचं वेळापत्रक मोहननगर, छावणी, बैरामजी टाऊन असं लागून लागून बसवा. एका रात्रीत मानकापूरपासून अजनीपर्यंत धावायचं म्हणजे टेम्पोतच अर्धी गाणी संपतात. विधिमंडळाचं अधिवेशन चालू असेल तर मोर्च्यांमुळे सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते दिवसा वळवलेले असतात. तेव्हा सीताबर्डीवरची खरेदी, चांदण्या, माळा, सकाळी दुकानं उघडताच उरका. रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद. मध्यरात्रीपर्यंतची सूट वर्षातून मोजक्याच दिवशी मिळते, म्हणून २४ च्या रात्रीची परवानगी तोंडी नको, कागदावर घ्या आणि तो कागद माइकवाल्याच्या खिशात ठेवा.

घरचं थोडक्यात. केकसाठी सुकामेवा भिजवून झाला असेलच. नागपुरात राहून बाजारातली रंगीत साखरसाल घालू नका. आंबिया बहाराची संत्री दारावर येतात, त्यांची साल आतला पांढरा भाग खरवडून बारीक चिरा, दोनतीनदा पाणी बदलून उकळा म्हणजे कडूपणा जातो, मग तेवढ्याच साखरेत पाकवा. बेकरीत केक भाजायला देणार असाल तर टिनच्या बुडाला खिळ्यानं खूण करा. कागदी चिठ्ठी भट्टीत जळते. एका वर्षी आमच्या घरी दुसऱ्याच कुणाचा केक आला होता, आमच्यापेक्षा चांगला, म्हणून आम्ही गप्प राहिलो. करंज्या, शेव, शेजारणीचे कुलकुल हे २२ पर्यंत संपवा, कारण २३ ला चर्चमध्ये तालीम असते आणि हात तळणात अडकलेले चालत नाहीत.

तालमीत सगळ्यात जास्त वेळ अल्टर बॉयना द्या. झगे घालून बघा, पोरं वर्षात चार बोटं वाढलेली असतात. धूपदाणी खरा कोळसा पेटवून फिरवा. रिकामी फिरवून सराव केला तर त्या रात्री ठिणगी उडते आणि पोरगं घाबरतं. श्रद्धाकथनात, म्हणजे मिस्सेत सगळे मिळून म्हणतो त्या विश्वासाच्या कबुलीत, "मरियेपासून देह धारण केला" या ओळीला एरवी आपण मान लववतो, नाताळला गुडघे टेकतो. पुढच्या रांगेतल्या दोघांना हे सांगून ठेवा, बाकीचे त्यांचं बघून टेकतात. मिस्सेआधीची ख्रिस्तजन्माची घोषणा वाचणारा नीट निवडा. तिच्यात रोमच्या स्थापनेपासूनचं ७५२ वं वर्ष, १९४ वं ऑलिम्पियाड, ऑगस्टसच्या कारकिर्दीचं ४२ वं वर्ष असे आकडे येतात. आवाज मोठा असलेला नको, आकडे न अडखळता वाचणारा हवा.

रात्रीचा बंदोबस्त. नागपूरची डिसेंबरातली थंडी पाहुण्यांना माहीत नसते. पारा १० अंशांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली. मैदानात मिस्सा असेल तर म्हाताऱ्यांच्या खुर्च्या आत, मंडपाच्या कडेला पडदे, आणि शेकोटी मंडपापासून लांब, एक माणूस तिच्याजवळ कायम. जनरेटर आदल्या दिवशी अर्धा तास चालवून बघा. डिझेल कोण आणणार ते नाव घेऊन ठरवा, "आणू की" म्हणणारे तिघं असले तर कुणीच आणत नाही. त्या रात्री शेजारपाजारचे हिंदू, बौद्ध कुटुंबंही गोठा बघायला आणि ग्रोटोत (मरियामातेच्या गुहेत) मेणबत्ती लावायला येतात. त्यांच्यासाठी दोन हसतमुख माणसं दाराशी ठेवा. कम्युनियनआधी मराठीत आणि हिंदीत एकदा सांगावं की हे दीक्षित कॅथलिकांसाठी आहे, इतरांनी हात छातीवर घेऊन यावं, फादर आशीर्वाद देतील. नीट सांगितलं तर कुणाला वाईट वाटत नाही. रांगेत हातानं अडवलं तर वाटतं.

होस्ट, म्हणजे कम्युनियनच्या पातळ भाकरी, दोन डब्यांत वेगळे मोजून ठेवा, एक रात्रीचा, एक सकाळचा. रात्री गर्दी वाढली की सकाळच्या डब्याला हात लागतो आणि २५ ला आठ वाजता सिस्टरांकडे सायकल दामटावी लागते. सकाळी दार कोण उघडणार ते आजच ठरवा. जो रात्री कॉयरमध्ये गाणार आहे, त्याच्याकडे किल्ली देऊ नका.