रापण ओढणारा महानायक: आवडत्या पात्राचं फॅन आर्ट कसं काढावं

कार्टून, कॉमिक्स किंवा सिनेमातलं आवडतं पात्र स्वतःच्या हाताने काढायचं, हे फॅन आर्ट. मूळ चित्र समोर ठेवून हुबेहूब उतरवलं तर हात बसतो, म्हणून सुरुवातीला तसं जरूर करा. खरी मजा मात्र ते पात्र आपल्या गावात आणण्यात आहे. मूळ चित्रकाराने मालवणची वाळू पाहिलेली नसते, आपण तिच्यावर वाढलेले असतो. चित्रात आपली भर पडते ती इथूनच.

पात्राची ओळख कशात आहे ते शोधा

एका चित्रावर थांबू नका. त्याच पात्राची समोरून, बाजूने, पाठमोरी, धावताना, बसलेली अशी निरनिराळी चित्रं जमवा. डोक्याची उंची हे माप धरून अंग किती डोकी भरतं ते मोजा. खरा मोठा माणूस साधारण साडेसात डोकी उंच असतो, कार्टूनमधलं पोर बऱ्याचदा अडीच-तीन डोक्यांतच आटोपतं. हे प्रमाण चुकलं, तर कपडे आणि केस जुळूनही पात्र परकं वाटतं.

मग बाह्याकृती काढून आतला भाग काळ्या शाईने भरून टाका. नुसत्या काळ्या आकारावरून घरातल्या लहान मुलाने पात्र ओळखलं, तर काम झालं. मिकी माउस पाहा: डोकं कुठल्याही बाजूला वळू दे, त्याचे कान गोलच दिसतात. खऱ्या उंदराचे तसे दिसणार नाहीत, पण ओळख त्या दोन वर्तुळांतच आहे. तुमच्या पात्राची अशी दोन-तीन लक्षणं कागदावर लिहून काढा. ती सोडून बाकी सगळं बदलायची मोकळीक तुम्हाला आहे.

प्रसंग निवडा

बहुतेक चित्रं इथेच फसतात. पात्राला लुंगी नेसवली, मागे एक माड उभा केला, हातात शहाळं दिलं की कोकण झालं, असं मला अजिबात वाटत नाही. पात्राचा स्वभाव आणि इथलं एखादं काम यांची गाठ पडली पाहिजे.

समजा, तुमचा महानायक अचाट ताकदीचा आहे. त्याला रापणीवर उभा करा. रापणीचं जाळं होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. एकट्याने हिसका मारून उपयोग नाही, सगळ्यांच्या तालात ओढावं लागतं. डोंगर उचलणारा तो माणूस बाजूच्या म्हाताऱ्या रापणकाराकडे बघून आपला ताल जुळवतो आहे, हे चित्र पाहताच त्यात गोष्ट दिसते. कोड्यांमागे धावणारा गुप्तहेर हर्णै बंदरावरच्या मासळी लिलावात काय बघेल? उडणारी चेटकीण पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या, बागेत कुठे टेकेल? असे प्रश्न स्वतःला विचारत बसा. या पायरीला घाई करू नका.

जागेवर जाऊन रेखाटा

वही घेऊन किनाऱ्यावर बसा. दोर ओढणाऱ्यांच्या टाचा वाळूत रुततात, अंग मागे झुकतं, हात सरळ ताणलेले असतात. महानायकाचं शरीरही याच कोनात आलं पाहिजे, पोस्टरवरच्या छाती काढलेल्या पवित्र्यात नको. माड आणि पोफळ यांत फरक करा: पोफळ सडपातळ, सरळसोट आणि तिचा शेंडा लहान, तर माडाचं खोड जाड, पुष्कळदा कललेलं. होडीला उलांडी, म्हणजे तोल राखायला बाजूला बांधलेला लाकडी ओंडका, असेल तर ती कुठे आणि कशी बांधली आहे ते नीट बघा. सिंधुदुर्ग किल्ला मालवणच्या किनाऱ्यावरून लांबलचक, पाण्यालगत पसरलेल्या तटासारखा दिसतो. तिथे परीकथेतले उंच मनोरे नकोत.

उजेडाचंही भान ठेवा. आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी ऊन गावाकडून येतं, म्हणून समुद्राकडे तोंड करून ओढणाऱ्यांच्या सावल्या पाण्याच्या दिशेने पडतात. संध्याकाळी तेच ऊन थेट चेहऱ्यावर असतं.

टिनटिन या बेल्जियन कॉमिक्सनायकाच्या चित्रकथांमध्ये एक युक्ती आहे: चेहरा अगदी थोड्या रेषांचा, पण गाड्या, इमारती, बोटी बारकाईने, अभ्यास करून काढलेल्या. आपल्यालाही ती लागू पडते. पात्र साधं राहू द्या, जाळं आणि होडी खरी काढा.

कच्चं, शाई, रंग

आधी काड्यापेटीएवढ्या चौकटींत पाच-सहा मांडण्या करून बघा. त्यांतली एक मोठ्या कागदावर फिक्या पेन्सिलने उतरवा. जलरंग वापरणार असाल तर ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद घ्या आणि चारही बाजूंनी टेप लावून फळीवर बसवा. शाई पाण्याने न पसरणारी हवी. पावसाळ्यात आपल्याकडची हवा इतकी दमट असते की वरून कोरडी दिसणारी शाईसुद्धा ब्रश फिरताच फुटू शकते, म्हणून ती रात्रभर वाळू द्या. पूर्ण झालेली चित्रं सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा, नाहीतर बुरशीचे ठिपके धरतात.

रंगांत पात्राचे मूळ रंग तसेच ठेवा, तेही ओळखीचा भाग आहेत. आजूबाजूचे रंग मात्र इथले असू द्या. जांभ्या दगडाचा नवा चिरा तांबूस-नारिंगी असतो, पावसाळे खाल्लेला काळवंडतो, त्यावर शेवाळ चढतं.

इथल्या चित्रपरंपरेतून शिका

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. कथेतल्या प्रसंगांची चित्रं एकामागून एक दाखवत ती गाऊन सांगितली जाते. चित्रांच्या अशा संचाला पोथी म्हणतात. कॉमिक्स आवडणाऱ्याने ती एकदा तरी बघावीच. सावंतवाडीच्या गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, याही बघा: दशावतारी गंजिफेत १२० गोल पानं, प्रत्येक अवताराची बारा, त्यांत एक राजा आणि एक प्रधान. गोलात आकृती कशी बसवायची, रिकामी जागा कशी भरायची, हे या पानांवरून समजतं. आवडत्या मालिकेतला नायक राजा आणि त्याचा मित्र प्रधान, अशी जोडी काढून बघा. शैली घेतलीत तर तिचं नाव चित्राखाली लिहा. ज्यांनी ती जपली, त्यांचा तो हक्क आहे.

दाखवण्याआधी आणि विकण्याआधी

भारतात १९५७च्या कायद्याने चित्रावरचा कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. स्वतःच्या आनंदासाठी काढणं वेगळं आणि छापून स्टॉलवर विकणं वेगळं. विकायचं असेल तर आधी हक्कधारकाची परवानगी घ्या. मिकीचं १९२८चं पहिलं रूप अमेरिकेत १ जानेवारी २०२४ला कॉपीराइटमुक्त झालं, पण नंतरची सगळी रूपं अजून मुक्त नाहीत, आणि ट्रेडमार्क हा आणखी वेगळा विषय.

स्कॅन ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) करा, म्हणजे ए४ चित्र सुमारे २४८० × ३५०८ पिक्सेलचं होतं आणि छपाईला पुरतं. चित्राखाली मूळ पात्राचं आणि त्याच्या निर्मात्याचं नाव, प्रसंग जिथला आहे त्या गावाचं नाव, तुमची सही आणि तारीख लिहा. रापणीवर बसून रेखाटलं असेल, तर एक प्रत तिथल्या रापणकारांना नेऊन द्या.