किडनीत सिस्ट निघाली? या चुका टाळा

हेल्थ चेकअपची सोनोग्राफी होते आणि रिपोर्टच्या तळाशी ओळ दिसते: उजव्या किडनीत सिंपल कॉर्टिकल सिस्ट. पन्नाशीनंतर अशी पाण्याची गाठ पुष्कळांना असते. तरी घरातला पहिला प्रश्न ठरलेला, 'केवढी आहे?'

पहिली चूक इथेच होते. आठ सेंटिमीटरची सिस्ट निरुपद्रवी असू शकते आणि दोन सेंटिमीटरची काळजीची. अमेरिकन रेडिओलॉजिस्ट मॉर्टन बॉस्नियाक यांनी १९८६ मध्ये सिस्टची प्रतवारी मांडली, २०१९ मध्ये ती सुधारली गेली. तिच्यात गाठीचा आकार मोजून वर्ग ठरत नाही. भिंत किती जाड, आत पडदे आहेत का, कुठला भाग कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं, स्कॅनमध्ये उजळ दिसणारं औषध) घेतो, हे पाहतात. म्हणून रिपोर्टमध्ये मिलिमीटरच्या आधी 'बॉस्नियाक' शोधा. मात्र सोनोग्राफीत सिस्ट आतून पूर्ण काळी, पातळ भिंतीची दिसली, तर बहुतेकदा पुढच्या तपासणीची गरजच नसते.

दुसरी चूक जास्त महागात पडते: मुतखड्यासाठी काढलेल्या प्लेन, म्हणजे कॉन्ट्रास्ट न देता केलेल्या सीटीवर निकाल लावणं. सीटीवर घनता हाउन्सफील्ड एककात मोजतात, पाणी शून्याच्या आसपास. एकसंध गाठ २० पर्यंत असेल तर साधी. ७० किंवा जास्त असली तरी बहुधा निर्धोक, आत जुनं रक्त किंवा प्रथिनं असतात. अडचण मधल्या आकड्यांची. तिथे कॉन्ट्रास्टच्या आधीचे आणि नंतरचे, दोन्ही फोटो लागतात. घनता २० किंवा जास्त एककांनी वाढली तर गाठीला रक्तपुरवठा आहे असं धरतात. १० ते २० ची वाढ फसवी: शेजारची किडनी उजळल्याने छोटी सिस्टही उगाच उजळ भासते. अशा वेळी एमआरआय कामी येतो. कॉन्ट्रास्टआधी क्रिएटिनिनचा (किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट दाखवा, मधुमेहाच्या गोळ्याही सांगा.

'दुखत तर नाही' म्हणून बॉस्नियाक '२एफ' (लक्ष ठेवण्याच्या वर्गातल्या) सिस्टचा फॉलोअप सोडणारे खूप. सहा महिन्यांनी, वर्षाने, मग पाच वर्षं होईपर्यंत दरवर्षी तपासणी, असा तिचा नेहमीचा क्रम.

दोन्ही किडन्यांत पुष्कळ सिस्ट आणि घरात कुणाला डायलिसिस, असं असेल तर तो आनुवंशिक पॉलिसिस्टिक आजार असू शकतो. नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या तज्ज्ञाला दाखवा.

जुन्या स्कॅनची सीडी रद्दीत घालू नका. नुसता छापील कागद नेला तर रेडिओलॉजिस्टला भिंत जाड झाली की नाही, हे ताडून पाहता येत नाही.